अडून व्यायलेली गाय उठत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वासरू ओढून काढलं, गाय मोकळी झाली, पण ती काही उठेना. डॉक्टर यायला वेळ लागतो आणि तोवर गोठ्यात जमलेला प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. खालची उत्तरं त्या पहिल्या तासांसाठी आणि पुढच्या आठवड्यासाठी आहेत. औषधांच्या मात्रा इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या डॉक्टरांनी जनावर पाहून ठरवायच्या. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गाय ज्या कारणाने खाली बसते ते पुष्कळदा पहिल्याच दिवशी आटोक्यात येतं. त्यानंतर तिला उठू देत नाही ते तिचं स्वतःचं वजन आणि खालची कडक जमीन. म्हणून इथे औषधाच्या बाटल्यांपेक्षा जागेबद्दल जास्त लिहिलं आहे.

गाय पहाटे व्याली, तेव्हापासून उठंना झालीय. डॉक्टर येईपर्यंत काय करू?

आधी ती कशी पडली आहे ते बघा. एका कुशीवर आडवी होऊन मान जमिनीला टेकवली असेल तर तिला लगेच छातीवर बसती करा. आडव्या गायीच्या पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगतं, आणि पोटातलं वर आलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. बसती केल्यावर पुन्हा कलंडू नये म्हणून भुसकट किंवा माती भरलेली पोती दोन्ही बाजूंनी खांद्याला आणि पुठ्ठ्याला (मागच्या मांडीच्या भागाला) लावून ठेवा. गळ्यातलं दावं सोडा. धडपडताना आखूड दाव्याने मान अडकते.

मग फोन. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लावा, किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ वर. फोनवर नुसतं "गाय बसलीय" म्हणू नका. कितवं वेत आहे, किती वाजता व्याली, वासरू किती माणसांनी किती वेळ ओढलं, वार (वासराच्या मागून पडणारं आवरण) पडली का, कान गार आहेत का, शेण-लघवी झाली का, हे सांगा. आणि आधी कोणी कॅल्शियम दिलं असेल तर ते अजिबात लपवू नका. डॉक्टर चिडतील म्हणून लोक हे सांगत नाहीत आणि दुसरी बाटली अंदाज न येता लागते.

तोवर तोंडाने काहीही ढोसू नका, शेपूट पिळू नका, डाग देऊ नका. डाग दिलेली गाय क्षणभर उसळते, त्यातून बघणाऱ्यांचं समाधान होतं. विताना नस (मज्जातंतू) दबली असेल तर ती काही त्याने सुटत नाही.

कॅल्शियम कमी पडलंय की नस दबलीय, हे आपल्याला कळतं का?

पक्कं निदान डॉक्टरांचं, पण अंदाज बांधता येतो.

कॅल्शियम उतरण्याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग उलट गार पडतं. गायीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, ते इथे खाली येतं. कान गार, मुसकट कोरडं, डोळ्यांत गुंगी, मान कुशीकडे वळवलेली, शेण बंद. हे बहुतेक व्यायल्यापासून ७२ तासांच्या आत होतं, जास्त दूध देणाऱ्या गायींत, आणि तिसऱ्या वेतापासून पुढे. जर्सी रक्ताच्या गायींत विशेष. पहिलारू कालवडीला दुग्धज्वर क्वचितच होतो. त्यामुळे पहिलारू बसली असेल तर आधी इजेची शंका घ्या.

नस दबलेली गाय वेगळी दिसते. डोळे टवटवीत, कान हलतात, समोर टाकलेलं खाते, पुढच्या पायांवर जोर देऊन सरकतेसुद्धा. मागचा भाग मात्र साथ देत नाही. मोठं वासरू कमरेच्या हाडात बराच वेळ अडकलं की हाडाच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या नसा चेपतात. त्यांतली एक नस मागचे पाय आत ओढून धरते. ती गेली की पाय दोन्हीकडे फाकतात आणि गाय बेडकासारखी बसते. कधी फक्त खुराच्या वरचा सांधा पुढे दुमडतो आणि गाय पायाच्या पाठीवर उभी राहू पाहते. ही त्यातल्या त्यात बरी होण्यासारखी लक्षणं.

पाय भलत्याच दिशेला वळलेला असेल, हलवताना आत कटकट लागत असेल, तर सांधा निखळला आहे किंवा हाड मोडलं आहे असं धरा आणि उठवायचा प्रयत्न थांबवा. आणि गाय सुस्त आहे, डोळे खोल गेलेत, खात नाही, कासेचा एखादा भाग दगडासारखा आणि त्यातून पाण्यासारखं दूध, तर तो कासदाह आहे. विताना गर्भाशय फाटलं असेल तरी गाय अशीच खंगते. या दोन्हींत तास मोजावे लागतात.

अडचण ही की कारणं एकेकटी येत नाहीत. कॅल्शियम कमी असलं की कळाच नीट येत नाहीत, म्हणून वासरू अडतं. ते ओढताना नस दबते. मग दोन्ही एकत्र.

कॅल्शियमची बाटली लावली. कान गरम झाले, रवंथ सुरू झालं, तरी बसूनच आहे. अजून एक बाटली लावावी का?

स्वतःहून नाही. शिरेतून कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. म्हणूनच डॉक्टर बाटली कोमट करून, सावकाश, ठोके ऐकत देतात. त्यानंतर गाय ढेकर देते, शेण टाकते, थरथरते. ही चिन्हं दिसली म्हणजे कॅल्शियमने आपलं काम केलं. दुसऱ्यांदा द्यायचं का, हे साधारण ८ ते १२ तासांनी पुन्हा तपासून ठरतं. फॉस्फरस, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असू शकतं, किंवा आता प्रश्न स्नायूंचा झालेला असू शकतो. "जोर यावा" म्हणून बाटल्या मोजत बसण्यापेक्षा तो खर्च खालच्या गादीवर करावा, असं माझं मत.

दुग्धज्वर झालेल्या गायीची कास पहिला दिवस-दीड दिवस पूर्ण रिकामी करू नका. वासराला लागेल तेवढाच चीक काढा.

गादी म्हणजे नेमकं काय? फरशीवर पोती टाकली तर चालेल?

चालणार नाही. आपल्याकडे गोठ्यात शहाबादी फरशी किंवा कोबा असतो. धुवायला सोपा, पण बसलेल्या गायीचा वैरी. संकरित गाय चार-पाच क्विंटलची. ती ज्या पुठ्ठ्यावर बसते त्या मांडीच्या स्नायूंतलं रक्त थांबतं, स्नायू सुजतात, आणि सुजेला पसरायला जागा नसल्याने आतल्या नसा आणखी दबतात. कडक जागी सहा तास एकाच कुशीवर गेले तरी इजा सुरू होते. बारा तासांनंतर ती कधी कधी भरून येत नाही. म्हणजे रात्री कॅल्शियम कमी झालेली गाय सकाळी बाटलीने शुद्धीवर येते, पण तोवर मांडी गेलेली असते. वरून पोती टाकली तर ती फरशीवरून सटकतात. नुसती रबराची मॅटही पुरत नाही.

सगळ्यांत चांगली वाळू, किमान एक फूट थर. वाळू खुराला धरते, लघवी जिरवते, अंगाखाली हवी तशी दबते. पण गोदावरी-मांजराकाठच्या गावांतही आता घराच्या बांधकामाला वाळू मिळेना, गोठ्याला कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. मग सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, कडब्याची खाल्लेली चिपाडं, जे हाताशी असेल ते फूट-दीड फूट टाका, आणि खाली शक्यतो फरशी नव्हे, मातीच असू द्या. उन्हाळ्यात लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत, ढेकळं फोडून मऊ केलेलं रानही उत्तम. पावसाळ्यात मात्र काळ्या रानात गाय ठेवू नका. चिखल चिकटतो, पाय निघत नाही, कास घाण होते. वाळलेलं शेणखत मऊ असतं, पण नुकत्याच व्यायलेल्या गायीचं अंग (योनीमार्ग) आणि सड उघडे असतात, म्हणून ते खाली वापरायचंच तर वर स्वच्छ भुसकटाचा जाड थर हवा.

जागा दहा-बारा फूट लांब-रुंद असावी, चारही बाजूंनी मोकळी. गाय उठताना आधी डोकं पुढे झोकते. समोर भिंत किंवा गव्हाण असेल तर तिला झोक मिळत नाही.

फरशीवरून गादीपर्यंत न्यायचं कसं? अंगाखाली ताडपत्री सरकवा, किंवा जुनं दार-फाटक शेजारी टेकवून गाय त्यावर लोळवा, आणि ते ओढा. पाय, मान, शेपूट धरून ओढायचं नाही. ओल झालेलं भुसकट सकाळ-संध्याकाळ काढून नवं टाका.

कूस किती वेळाने बदलायची?

दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. त्याहून लवकर जमलं तर उत्तमच. तीन माणसं लागतात. ज्या पुठ्ठ्यावर ती बसली आहे त्या बाजूला दोघांनी उभं राहून पुठ्ठा आणि खांदा उचलून पलीकडे लोटायचा, तिसऱ्याने दबलेला मागचा पाय त्याच बाजूने मोकळा करून बाहेर घ्यायचा. मग तो पाय पाच-दहा मिनिटं चोळा, गुडघ्यातून हळू दुमडा-उघडा. कोणी कधी बदलली यावर वाद होतात. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने वेळ आणि कूस लिहीत जा.

मागचे पाय फाकतात. बांधावेत का?

हो, आणि लवकर. गाय धडपडली आणि पाय ताणून फाकले की मांडीच्या आतले स्नायू फाटतात. ही दुसरी इजा पहिलीपेक्षा वाईट. दोन्ही मागच्या पायांना खुराच्या वरच्या सांध्याच्या वर जुनं धोतर किंवा साडीची पट्टी गुंडाळून, त्यावर मऊ सुती दोर आठच्या आकड्यात बांधा. मधे दीड-दोन फूट अंतर राहू द्या, म्हणजे पाऊल टाकता येईल पण पाय पसरणार नाहीत. नायलॉनची दोरी कापते, ती नको. दिवसातून दोनदा सोडून कातडी बघा.

जेसीबी बोलावून उभी करू का?

हा प्रश्न आता पहिल्या तासातच येतो, कारण जेसीबी प्रत्येक गावात आहे. उचलणं चुकीचं नाही. कधी आणि कसं, हे महत्त्वाचं. हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला नाही हे डॉक्टरांनी बघितल्यावरच उचला. गाय स्वतः धडपड करते आहे, थोडी उणीव पडते आहे, तेव्हा उचलण्याचा खरा फायदा. गुंगीतली गाय उचलली तर ती नुसती लोंबते.

पोटाखालून एकच कासरा घालून उचलणं सर्वांत वाईट. दम कोंडतो आणि दोर कासेत रुततो. रुंद पट्टे हवेत: एक पुढच्या पायांच्या मागे छातीखाली, दुसरा कासेच्या पुढे. पट्टे नसतील तर जाड बारदान दुहेरी शिवून घ्या. तिवई आणि चेन कुप्पी (साखळीने ओझं उचलायची कप्पी) असेल तर जेसीबीपेक्षा बरी, कारण सावकाश वर-खाली करता येतं. कमरेच्या हाडांना लावायचा लोखंडी चिमटा काही डॉक्टरांकडे असतो. त्याला कापडाची गादी लावून, थोड्या मिनिटांसाठी, आणि पुढून छातीलाही आधार देऊनच. गाय त्यावर टांगून ठेवायची नाही.

उचलल्यावर पाय जमिनीला नीट टेकवून द्या, दोन्ही बाजूंना माणसं उभी करा. तिने भार घेतला तर दहा-पंधरा मिनिटं उभी राहू द्या, पाय चोळा, पाणी दाखवा. भार घेतच नसेल तर लगेच खाली. दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं, एकदाच तासभर नाही.

तिला काय खायला द्यावं? बाजरी शिजवून, गूळ-तेल पाजलं तर?

आधी पाणी. दुभत्या गायीला दिवसाला ४०-५० लिटर तरी लागतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून जास्त, आणि बसलेली गाय हौदापर्यंत जाऊ शकत नाही. घमेलं ती लवंडते, म्हणून ते जुन्या टायरमध्ये बसवा. कूस बदलली की घमेलंही हलवा. ही साधी गोष्ट राहून जाते.

लसूणघास, हिरवा मका, कडब्याची कुट्टी, नेहमीचंच द्या, थोडं थोडं, ताजं. अशक्तपणा भरून निघावा म्हणून एकदम पायलीभर बाजरी किंवा भरडा दिला तर पोटात आंबतो आणि नवंच दुखणं होतं. गुळाचं पाणी ती स्वतः प्याली तर पिऊ द्या. पण मान वर करून नळकांड्याने पाजू नका, तेल तर मुळीच नाही. बसलेल्या, गुंगीतल्या गायीला गिळणं नीट जमत नाही. द्रव श्वासनळीत जातो आणि चार दिवसांनी गाय न्यूमोनियाने जाते. लोक म्हणतात बसूनच मेली.

वासराचं काय?

वासराला दोन तासांच्या आत चीक मिळालाच पाहिजे. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. गाय बसलेली असली तरी वरचे दोन सड काढता येतात. कूस बदलली की उरलेले दोन. निपलच्या बाटलीने पाजा. नाळेला आयोडीन लावा. वासरू गायीच्या तोंडापुढे ठेवा, चाटू द्या. वासरासाठी गाय जितकी धडपडते तितकी काठीने कधीच धडपडत नाही. फक्त ती कलंडेल त्या बाजूला वासरू बांधू नका.

वार अडकली आहे.

ओढू नका. वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका. १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना सांगा, आणि तोवर लोंबणारा भाग मातीत लोळणार नाही एवढं बघा. वार नव्हे, अंगच (गर्भाशय) बाहेर आलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात धरून ठेवा आणि त्याच क्षणी फोन करा. त्यात उशीर चालत नाही.

बसून जखमा झाल्या, कावळे टोचतात.

कावळा हा बसलेल्या गायीचा मोठा शत्रू, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. कमरेच्या हाडावर, ढोपरावर साल गेली की तो तिथेच बसतो. वर जाळी किंवा साडी बांधा, दिवसा माणूस ठेवा, रात्री कुत्र्यांपासून जपा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा. पावसाळ्यात माशी बसून किडे पडले तर ते डॉक्टरांकडून काढून घ्या. शेपूट आणि मागचा भाग रोज धुवा.

दुखणं कमी व्हायला मेडिकलमधून इंजेक्शन आणू का?

सुजेवरचं औषध लवकर मिळालं तर नसेला खूप मदत होते, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं मरतात. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही त्याच कारणाने बंद झालं. मेलॉक्सिकॅम चालतं. प्रतिजैविक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस डेअरीला दूध घालू नका.

परभणीला किंवा उदगीरला नेऊ का?

दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे हे मनात येतं. पण बसलेली गाय पिकअपच्या पत्र्यावर तीन तास नेली तर फरशीवर ठेवल्यासारखंच. आधी तुमच्या डॉक्टरांना तिथे बोलायला सांगा. कित्येकदा रक्ताचा नमुना पाठवून काम भागतं. न्यायचीच असेल तर गाडीत भुसकटाचा जाड थर, छातीवर बसवून, सोबत माणूस.

किती दिवस वाट बघायची?

दिवसांपेक्षा गाय बघा. खाते, रवंथ करते, सरकते, दर दिवशी थोडी अधिक धडपडते, तर आठवडा उलटला तरी सोडू नका. उठणाऱ्या बऱ्याच गायी पहिल्या चार-पाच दिवसांतच उठतात, पण चांगल्या गादीवरच्या काही त्यानंतरही उठतात. उलट खाणं सुटलं, मान टाकली, जखमा वाढल्या, धडपड थांबली, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हाड मोडलेल्या मोठ्या गायीला महिनाभर झिजवत ठेवण्यात दया नाही. पुढचा निर्णय कायद्यात बसवून डॉक्टरांनीच घ्यायचा.

व्यापारी दारात येतो तो याच सुमारास. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, आणि प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. उठता न येणाऱ्या गायीला तो मिळत नाही. तेव्हा त्या सौद्यात पडू नका. विमा असेल तर गाय जिवंत असतानाच कंपनीला कळवा, कानातला बिल्ला शाबूत ठेवा, उपचाराचे कागद जपा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून?

व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवा, म्हणजे दूध काढणं बंद करा, पण लठ्ठ करू नका. लठ्ठ गाय अडते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमची औषधं पाजू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण आयतं कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढायची सवय शरीराला राहत नाही, आणि दूध सुरू झाल्यावर गाय कोसळते. खनिज मिश्रण कोणतं द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

उसाच्या वाढ्यांबद्दल, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांबद्दल, बोलायलाच हवं. दुष्काळात, छावणीत, कारखान्याच्या हंगामात आपली जनावरं महिनोन्‌महिने वाढ्यांवर जगतात. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते शेणावाटे जातं. वाढे बंद करा म्हणणं सोपं, मे महिन्यात दुसरं आहे काय? निदान गाभण गायीला निम्मा तरी कडबा किंवा हिरवा चारा मिळेल असं बघा.

विताना पाण्याची पिशवी फुटून तासभर झाला आणि काहीच पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना बोलावा. ओढायचंच झालं तर दोन माणसं पुरे, कळ येईल तेव्हाच, भरपूर वंगण लावून. ट्रॅक्टर कधीच नको.

गाय उठली, पण एक पाय ओढत चालते. पुन्हा भरवावी (गाभण करावी) का?

नस सुधारायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर फरशीवर चालवू नका, कळपात सोडू नका. दुमडणाऱ्या सांध्याला डॉक्टरांकडून पट्टी बांधून घ्या. सरळ चालायला लागली, अंग धरलं, माज नियमित आला की मगच भरवा. कमरेचं हाड मोडून जुळलेल्या गायीला मात्र भरवू नका, आतली वाट अरुंद झालेली असते. भरवताना मोठ्या चणीच्या होल्स्टीन वळूचं वीर्य टाळा. देवणी किंवा लाल कंधारी गायीला तर त्याच जातीचं वीर्य मागून घ्या. लिंगनिर्धारित वीर्य (ज्यातून बहुतेक कालवडीच होतात) मिळत असेल तर तेही चांगलं, कालवड सहसा गोऱ्ह्यापेक्षा हलकी जन्मते.